खांदा हलला की बोट वर

जेवणाच्या टेबलावर दोन गठ्ठे होते. एका बाजूला नव्या खासगी शाळेचा प्रवेश अर्ज आणि तिचं चकचकीत माहितीपुस्तक. मुखपृष्ठावर हिरवळ, हसणारी मुलं आणि कुठल्याही खऱ्या शाळेत कधी न दिसणारे पांढरेशुभ्र बूट. दुसऱ्या बाजूला घरच्या अभ्यासाच्या वह्या, नकाशे आणि रंगीत खडूंचा डबा. मधे पाण्याचा तांब्या आणि दोन्हीकडे तोंडं फुगवून बसलेले नवरा-बायको.

असं टेबल तुमच्याही घरी असेल, वाचकहो. नसलं तर शेजारी नक्की असेल. मुलाला घरीच शिकवावं की खासगी शाळेत घालावं, यावरून हल्ली सख्ख्या भावांत अबोला होतो आणि लग्नाच्या पंगतीत दोन गट पडतात. आणि गंमत बघा, ज्याच्यासाठी एवढा वाद चालतो ते मूल बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत एकटंच बसलेलं असतं.

इथेही तसंच होतं. दहा वर्षांची भिंगरी शेजारच्या खोलीत नकाशात नद्या रंगवत होती. दार सताड उघडं होतं. आईबाप तारस्वरात भांडत होते आणि पोरीने एकदाही मान वर केली नाही. आईबापांना त्याचं कौतुक वाटायचं. किती एकाग्र पोर आहे आपली!

भिंगरीचा बाप पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होता. त्याच्या शेडमध्ये सोळा प्रेस मशिनं एका वेळी आपटायची. त्या दणदणाटात शेजारच्या माणसाने कानाशी येऊन बोंब मारली तरी उपयोग नसायचा. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायची. समोरच्याने ते ओठ बघून वाचायचे. पाना दे, तेल संपलं, साहेब येतोय, इथपासून घरच्या भानगडींपर्यंत सगळं काही त्या ओठबोलीत चालायचं.

कारखान्यातली सवय घरी आली नाही तरच नवल. फिटरच्या घरात सगळे जोरात बोलायचे, समोरासमोर बोलायचे आणि हातवारे करून बोलायचे. शेजारीण चेष्टेने विचारायची, "आज काय, भांडण की गप्पा?" भिंगरी तर तीन वर्षांची असल्यापासून बापाशी ओठबोली खेळायची. खोलीच्या या टोकाला बाप, त्या टोकाला लेक, आणि मधे आवाजाचा पत्ता नाही. पाहुणे आले की हा खेळ करून दाखवायचा, हा ठरलेला कार्यक्रम होता. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

"शुक्रवारी शेवटचा दिवस आहे," भिंगरीची आई त्या दिवशी म्हणाली. "अर्ज भरायचा की नाही ते एकदाच काय ते सांगा."

"कशाला हवी शाळा? घरी छान चाललंय. इतर मुलांच्या दोन पावलं पुढे आहे ती."

"इतर मुलं कुठायत पण? दोन वर्षांत एक मैत्रीण नाही पोरीला. खालच्या मुली परवा हाका मारून मारून थकल्या. ही खिडकीत पाठमोरी उभी होती, पण वळून बघेल तर शपथ! माणूसघाणी होत चाललीय ती."

"शाळेत काय झालं ते विसरलीस? वर्गाबाहेर उभं करायचे. मेंढरं हाकल्यासारखी पोरं हाकतात तिथे."

"ती शाळा वेगळी, ही वेगळी."

"सगळ्या सारख्याच," फिटर म्हणाला आणि अर्ज दूर सारला.

फिटर वाईट माणूस नव्हता. मेंढरांसारखी पोरं हाकतात, हे त्याचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच्या विरोधाचं खरं कारण त्या अर्जाच्या शेवटच्या पानावर होतं. ते पान त्याने सगळ्यात आधी उघडून पाहिलं होतं. तिथे लिहिलं होतं: प्रवेशापूर्वी डोळे व कान तपासल्याचे नवे प्रमाणपत्र जोडावे.

हे कारण समजायला दोन वर्षं मागे जायला हवं.

भिंगरी तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत होती. एके दिवशी तिच्या वर्गशिक्षिकेने वहीत चार ओळी लिहून पाठवल्या. 'मुलगी मागून हाक मारली तर ओ देत नाही. तोंडी गणितं चुकतात, फळ्यावरची बरोबर येतात. कृपया कान तपासून घ्यावेत.'

शहाण्या माणसाने त्या बाईंचे आभार मानले असते. फिटरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कान तपासून घ्या, हे शब्द त्याच्या शेडमध्ये शिवीसारखे होते. दर वर्षी कारखान्यात कामगारांचे कान तपासले जायचे. ज्याचे कान गेलेले निघायचे त्याला मशिनवरून काढून खोकी बांधायच्या खोलीत बसवायचे. 'तो खोक्यांत गेला' असं म्हटलं की ऐकणारा मान खाली घालायचा. म्हणून शेडने एक युक्ती काढली होती, आणि जुना कामगार नव्याला ती पहिल्याच वर्षी शिकवायचा.

तपासणी अशी असायची. कामगाराच्या कानांवर मोठे हेडफोन लावायचे. तपासणारा समोर बसून यंत्राचं बटण दाबायचा. आत बारीक 'टूं' वाजला की कामगाराने बोट वर करायचं. आता बटण दाबताना माणसाचा खांदा किंचित हलतोच. टूं ऐकू येवो न येवो, खांदा हलला की बोट वर! एवढी साधी युक्ती. सोळाच्या सोळा मशिनांवरची माणसं वर्षानुवर्षं पास होत होती. कारखाना खूश, माणसं खूश. कान तेवढे जात होते, पण त्यांना कोण विचारतो!

वर्गशिक्षिकेची चिठ्ठी हातात पडली आणि फिटरला वाटलं, आता आपल्या पोरीलाही कुणीतरी खोक्यांत टाकणार. एकदा नावापुढे शेरा बसला की जन्मभर पुसत नाही. भिंगरीच्या आईची तेव्हा टपाल कचेरीत नोकरी होती. म्हणून पोरीला दवाखान्यात तोच घेऊन गेला. बाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत पाऊण तास बसायचं होतं. त्या पाऊण तासात त्याने आठ वर्षांच्या लेकीला खेळ शिकवला.

"हे बघ, समोरच्या मावशीचा खांदा बघायचा. हलला की बोट वर. नाही हलला की बोट खाली."

"आणि आवाज?"

"आवाजाचं नको मनावर घेऊ. पास व्हायचंय ना आपल्याला? नापास झालीस तर शाळेतून काढतील. कुणाला सांगायचं नाही हं."

भिंगरी हुशार होती. तिचे दोन्ही कान उत्तम असल्याचा कागद पाच मिनिटांत मिळाला.

पोरीला खरंच ऐकू येत नाही, हे फिटरला माहीत होतं का? त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि ते त्याला खरंही वाटलं असतं. आपण सगळेच काही गोष्टी अशा मनाच्या माळ्यावर टाकून देतो.

कागद शाळेत गेला आणि भिंगरीची दुर्दशा झाली. कान चांगले आहेत, म्हणजे पोरगी मुद्दाम ऐकत नाही. उर्मट आहे, आगाऊ आहे. आधी शेवटच्या बाकावर, मग वर्गाबाहेर. एका पावसाळी दुपारी आई कामावरून लवकर सुटून शाळेत गेली, तर पोर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी, आणि तिची वेणी भिजलेली. त्याच दिवशी आईने तिला शाळेतून काढलं. आठवड्याने स्वतःची नोकरीही सोडली. माझ्या लेकीला मीच शिकवीन, म्हणाली.

आणि तिने मनापासून शिकवलं! टपाल कचेरीत चौदा वर्षं पत्रांच्या राशी वेगळ्या केलेली बाई ती. तिने अभ्यासाचेही तसेच खण पाडले. सकाळी गणित, मग नकाशे, दुपारी वाचन. भिंगरी भराभर शिकू लागली. आईची छाती भरून यायची. ओळखीच्यांना ती सांगायची, "शाळेत जी ढ ठरली ना, तीच ही पोर!" तिचं ऐकून आणखी दोन घरांनी मुलं शाळेतून काढली.

पण काही गोष्टी तिला खुपायच्या. ओट्याकडे तोंड करून काम करता करता ती शुद्धलेखन सांगायची, तेव्हा भिंगरीची वही कोरी राहायची. आईने दोनदा धपाटा घातला. तिसऱ्यांदा नियमच केला, की शुद्धलेखन फक्त टेबलावर, समोरासमोर. लगेच सगळं बरोबर येऊ लागलं. आईला वाटलं, शिस्त लागली. पोरीचा उजवा कान अधूनमधून वाहायचा. आई कापूस घालायची, दुकानातून थेंब आणायची, कान वाहायचा थांबायचा. आणि लहानपणी जी पोर मांडीवर डोकं ठेवून गोष्ट ऐकायची, ती आता मांडीवर टेकायलाच तयार नसायची. उठून समोर बसायची आणि आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. मोठी झाली आता, असं आई स्वतःला समजवायची. जरा वाईट वाटायचं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तर असं हे घर. बुधवार उजाडला. त्या दिवशी कारखान्यात कानांची तपासणी होती.

या वर्षी तपासनीस बदलला होता. जाडजूड चष्म्याच्या, पिकल्या केसांच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी खोलीत शिरल्या शिरल्या एकच फरक केला. कामगाराची खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

फिटरचा नंबर सातवा होता. आधीचे सहा जण उतरल्या तोंडाने बाहेर आले आणि त्याच्याकडे न बघता निघून गेले. तो आत जाऊन बसला. समोर पिवळट रंगाची भिंत आणि तिच्यावर एक खिळा. कानांवर हेडफोन चढले. तो वाट बघत राहिला. कुठेच काही वाजत नव्हतं. अजून सुरू केलं नसेल, असं त्याला वाटलं. मग भीती वाटली म्हणून त्याने अंदाजाने दोनदा बोट वर केलं.

बाईंनी हेडफोन काढले आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"तपासणी संपली," त्या म्हणाल्या. "चोवीस वेळा वाजवलं. तुम्ही बोट दोनदा वर केलंत, आणि दोन्ही वेळा मी काही वाजवलं नव्हतं. किती वर्षं खांदा बघून पास होताय?"

फिटरने मान खाली घातली. "अकरा."

"आज सातांपैकी सात तसेच. अहो, कुणाला फसवलंत तुम्ही? मला? मी महिन्याने दुसऱ्या कारखान्यात जाईन. पाच वर्षांपूर्वी खरं कळलं असतं, तर जे शिल्लक होतं ते वाचवता आलं असतं. कानाचं गेलेलं परत येत नाही हो."

फिटर उठला नाही. बाई पुढच्या माणसाला हाक मारायला निघाल्या, तरी तो बसूनच होता. भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत त्याने विचारलं, "बाई, लहान मुलांचं तपासता का तुम्ही?"

बाई थांबल्या. त्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. "किती वर्षांचं मूल?"

"दहा."

"उद्या दुपारी माझ्या दवाखान्यात घेऊन या. आईलाही आणा."

घरी जाऊन त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "अर्ज भर. उद्या कान तपासून घेऊ, म्हणजे प्रमाणपत्राचं काम होईल." बायकोला वाटलं, आपण जिंकलो. ती खुशीत होती. खरं सांगायला फिटरने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पाणी पिऊन गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भिंगरी नवा फ्रॉक घालून आली. बाईंनी तिला खडीसाखर दिली, नाव विचारलं, नद्यांची नावं विचारली. पोर घडाघडा बोलली. आई अभिमानाने बघत होती. मग बाईंनी सहज हातातला कागद तोंडासमोर धरला आणि त्याच आवाजात विचारलं, "तुझ्या फ्रॉकचा रंग कोणता?"

भिंगरी हसत बसली.

"भिंगरे, बाई काय विचारतायत!" आई म्हणाली.

भिंगरीने आईच्या ओठांकडे पाहिलं आणि मग बाईंच्या कागदाकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे भिरभिरायला लागले. बाईंनी कागद खाली ठेवला. तिला उचलून भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन लावले.

एक मिनिट गेलं. बाई बटण दाबत होत्या. भिंगरीचं बोट मांडीवर तयार होतं, पण वर येत नव्हतं. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. शेवटी खुर्चीतच गुडघ्यांवर उभी राहून मागे वळली आणि रडवेल्या आवाजात, हेडफोनमुळे असेल, केवढ्या तरी मोठ्याने म्हणाली,

"बाबा, खांदाच दिसत नाहीये! आता बोट कधी वर करू?"

अरेरे! त्या खोलीत त्या एका वाक्याने सगळ्यांचं सगळं उघडं पाडलं. आईला आधी अर्थच लागला नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड बघून तिला सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वीचा कागद, व्हरांडा, कोरी वही, खिडकीतून न वळणारी मान, मांडीवरून उठून समोर बसणारी पोर!

"तुम्ही शिकवलंत?" ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंत तिला हे?"

 फिटरचे ओठ नुसते हलले. आणि त्या खोलीत ते फक्त भिंगरीला वाचता आले. खुर्चीतून ती म्हणाली, "आई, बाबा चुकलं म्हणतायत."

पुढे मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. जुना संसर्ग उजव्या कानाच्या आत पसरत जाऊन हाड खात गेला होता. तो कान कायमचा गेला होता. डाव्या कानात निम्मंच शिल्लक होतं, आणि तेही उपचार केले नाहीत तर जाणार होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीचा तो 'उत्तम' कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "तेव्हा आली असती तर बहुधा दोन्ही वाचले असते."  

शस्त्रक्रियेच्या आधी सल्ल्यासाठी नवरा-बायको भिंगरीला घेऊन पुन्हा त्या बाईंकडे गेले आणि घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं. आणि काय सांगावं, तिथेही त्यांची जुंपली!

"शाळेने पोरीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं," आई म्हणाली. "त्यांना दिसायला नको होतं?"

"शाळेला तर दिसलं होतं," फिटर पडलेल्या आवाजात म्हणाला. "मीच... पण दोन वर्षं रोज सहा तास समोर तू होतीस."

"म्हणजे आता माझ्यावर?"

"पुरे!" बाईंनी टेबलावर थाप मारली. भिंगरी दचकली. थाप तिला नीट ऐकू आली नव्हती, पायाखालच्या फरशीतून कळली होती. "लाज वाटू द्या जरा! शाळा चांगली की घर चांगलं, अजून हेच चाललंय तुमचं? शाळेकडे चाळीस पोरं होती. तिने एकदा पाहिलं, विचारलं, आणि खोटा कागद मिळाल्यावर बघायचं सोडून दिलं. घरात एकच पोर होतं. घराने तिला समोरासमोर बसवून घेतलं आणि सगळं छान आहे असं ठरवून टाकलं. तुम्ही, फिटरसाहेब, तिला नापास होण्याची भीती घातलीत. आणि ताई, तुम्ही, ती पुढे आहे हे चार लोकांना सांगण्यात रमलात. शाळेने डोळे मिटले, घराने लपवलं. पोरगी मधल्या मधे बहिरी होत गेली."



"कमीपणा पोरीच्या कानात नव्हता," बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या. "तो आपल्या डोक्यात आहे. मुलात काही उणं निघालं की आपल्याला वाटतं, आपलीच अब्रू गेली. मग आपण ते झाकतो. आणि मूल? मूल आपल्याला खूश ठेवायला ते झाकायला शिकतं. मुलं फार लवकर शिकतात हो. या पोरीने दोन वर्षं एकटीने हे ओझं वाहिलंय. तिला एकदा तरी विचारलंत, तुला काय हवंय?"

आईने भिंगरीला आपल्यासमोर उभं केलं. "भिंगरे, तुला शाळेत जायचंय की घरी शिकायचंय?"

भिंगरीने आधी बापाकडे पाहिलं. कोणतं उत्तर बरोबर, हे ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. फिटरला ते कळलं. त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

"मला मुली हव्यात," भिंगरी शेवटी म्हणाली. "पण मागून हाक मारतात ना, ते नको. आणि बाहेर उभं राहायला नको." मग जरा थांबून तिने विचारलं, "नापास झाले तर चालेल का?"

"चालेल गं माझ्या सोन्या," आई म्हणाली आणि तिला पोटाशी धरून ढसाढसा रडली.

शस्त्रक्रिया झाली. डावा कान वाचला, म्हणजे निम्मा वाचला. त्यावर यंत्र बसलं.

नव्या शाळेच्या अर्जाची मुदत वाढली होती, म्हणून फिटर तिथे अर्ज घेऊन गेला. मुलात काही दोष असल्यास लिहावे, या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं, एकही शब्द गाळला नाही. मुख्याध्यापकांनी वाचलं, फार सहानुभूतीने मान डोलावली आणि सांगितलं की आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. सांगताना ते हसत होते, अगदी माहितीपुस्तकातल्या मुलांसारखं. वाचकहो, फिटरची भीती खोटी नव्हती! शेरा बसतो, दारं बंद होतात, हे खरंच आहे. पण झाकून ठेवल्याने ती दारं कुणासाठीच उघडत नाहीत.

मग तो जुन्या शाळेत गेला. दोन वर्षांपूर्वी ती चिठ्ठी लिहिणाऱ्या वर्गशिक्षिकेला त्याने सगळं सांगितलं, बाकावरच्या त्या पाऊण तासासकट. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा कागद आला आणि माझ्या डोळ्यांना जे दिसत होतं त्यावरचा माझा विश्वास उडाला. बाहेर मीच उभं केलं होतं तिला. पाठवा तिला, आता पाचवीचा वर्गही माझ्याकडेच आहे. पहिल्या बाकावर, उजवीकडच्या भिंतीला लागून बसेल, म्हणजे सगळा वर्ग तिच्या डाव्या कानाला राहील. बोलताना मी तिच्याकडे तोंड करीन. विसरले तर तिला सांगा, उभी राहून मला ओरड म्हणावं."

आता भिंगरी सकाळी शाळेत जाते आणि दुपारी जे निसटलं ते आई घरी भरून काढते. शाळा की घर, हा टेबलावरचा वाद संपला. दोन्ही लागतात, आणि दोन्हीही पुरत नाहीत, हे त्या घराला फार महागात कळलं.

नापास झालेल्यांपैकी फिटर सगळ्यांत आधी खोक्यांच्या खोलीत गेला. जायच्या आधी त्याने शेडमधल्या माणसांना सुट्टीच्या वेळी बाहेर गोळा करून सगळं सांगितलं. काही जणांनी तोंड फिरवलं. एकाने, बाईंनी पकडलं ते पकडलं, आता हा गावभर करतोय, असं सगळ्यांदेखत सुनावलं. आठवडाभर त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. मग एके दिवशी सगळ्यात जुना मशिनवाला खोक्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्याने विचारलं, "नातवाला दाखवायचंय. त्या बाईंची वेळ काय?"

कामावरून आला की फिटर अजूनही सवयीने दारातून हाक मारतो, "भिंगरे!" ती टेबलाशी दाराकडे उजवा कान करून बसलेली असते. तिला काही कळत नाही, ती लिहीत राहते. मग तो चपला काढतो, टेबलाला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला येतो आणि पुन्हा हाक मारतो. तेव्हा ती "ओ" देते. हा वळसा त्याला जन्मभर घालायचा आहे.

म्हणून सांगतो, वाचकहो, मुलाला घरी शिकवा नाहीतर शाळेत घाला, साधी शाळा निवडा नाहीतर भारी. तो तुमचा प्रश्न आहे, आणि त्यावर भांडायला जन्म पडलाय. पण आपल्या भीतीपायी त्याला पास होण्याची युक्ती शिकवू नका. त्याचं उणं झाकू नका आणि त्याला झाकायला लावू नका. जे झाकलं जातं ते बरं होत नाही, ते आतून पोखरत जातं.

आणि आज एवढं करा. मूल खेळत असेल, लिहीत असेल, तेव्हा त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहा आणि हळूच हाक मारा. त्याने वळून पाहिलं तर तुमचं नशीब. नाही पाहिलं, तर रागावू नका. वळसा घालून समोर या, त्याच्यासमोर खाली बसा आणि त्याला सांगा, की नापास झालास तरी चालेल.